चिमटाताई आणि खाणीचं तळं

तोंडावर आम्ही तिला ताई म्हणायचो आणि पाठीमागे चिमटाताई. एक तर तिच्या शर्टाच्या खिशात कायम स्टीलचा चिमटा असायचा आणि दुसरं म्हणजे तिचं बोलणं. तलाव विभागात मी नाव चालवायचो आणि ती पाहणी पथकाची प्रमुख. आता प्रमुख म्हणजे काय, पथकात पाण्यात उतरणारे आम्ही दोघंच. तिसरे साहेब, ते काठावर.

आमचं काम सांगायला सोपं होतं. बाहेरून आलेली वनस्पती, शिंपला, मासा, जे काही या पाण्यातलं नाही, ते मोठ्या तलावात ठाण मांडायच्या आत शोधायचं आणि काढून टाकायचं. असल्या पाहुण्याला इथे खाणारा कोणी नसतो आणि तो मात्र सगळ्यांच्या ताटात हात घालतो. संध्याकाळी जाळी लावायची, सकाळी उचलायची. दोरीला बांधलेल्या फरश्या पाण्यात सोडून ठेवायच्या आणि काही आठवड्यांनी वर ओढून त्यांना काय चिकटलंय ते बघायचं. तिथे तिचा चिमटा. तांदळाच्या दाण्याएवढा शिंपला ती हळूच उचलायची, भिंगाखाली धरायची आणि म्हणायची, "आपलाच आहे. सोडा."

एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जायच्या आधी बूट, जाळी, नावेचं बूड, सगळं औषधाच्या पाण्याने धुवायचं. मी कंटाळा केला की ऐकवायची, "मामा, चोर पकडायला निघालोय आपण. त्याला खांद्यावर बसवून फिरवू नका." मी तिच्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा, म्हणून मामा. बाकी नात्याचा संबंध नाही.

तिचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. खाली तिच्या थोरल्या भावाचं रंगीत माशांचं दुकान आणि वर दोन खोल्या. सगळी गल्ली त्याला दादा म्हणायची, अगदी त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. दुकानात शिरलं की निळसर उजेड, ओल्या वाळूचा वास आणि भिंतीभर टाक्यांमधल्या बुडबुड्यांची अखंड गुडगुड. दादाने लग्न केलं नव्हतं. आई, तो आणि मासे. नवऱ्याशी पटेना म्हणून ताई एक ट्रंक घेऊन परत आली, तेव्हा 'का आलीस' हे दादाने विचारलं नाही. माडीवरची मागची खोली रिकामी केली, तिथल्या टाक्या जिन्याखाली नेल्या आणि म्हणाला, "खिडकी पूर्वेची आहे, ऊन येतं चांगलं." एवढंच. ताईने हे मला किती वेळा सांगितलं असेल, गणती नाही. लहानपणी माशांची नावंही तिला त्यानेच शिकवली होती. "माझ्या नोकरीचं बी त्याच्या टाकीत रुजलंय," असं ती म्हणायची.

मोठ्या तलावाच्या वरच्या अंगाला एक जुनी दगडाची खाण होती. खाण बंद पडल्यावर तिच्यात पाणी साचून तळं झालं होतं. त्यातून एक नाला निघतो आणि तलावाला मिळतो. उन्हाळ्यात नाला कोरडा असतो, पावसाळ्यात वाहतो. त्या तळ्यावर चार-पाच निवृत्त म्हातारे रोज गळ टाकून बसायचे. एक दिवस त्यांच्यातला एक, पूर्वीचा शाळामास्तर, कचेरीत आला. गळाला लागलेला मासा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. काळपट, हातभर लांब, अंगावर खवल्यांऐवजी हाडासारखं कवच, आणि तोंड खालच्या बाजूला, वाटीसारखं.

"हा सुरीने कापला जात नाही हो," मास्तर म्हणाले. "आणि बाहेर काढून तास झाला तरी मेला नाही."

ताईचा चेहरा उतरला. हा काच चाटणारा मासा. दुकानात बोटाएवढा मिळतो, टाकीची काच चाटून स्वच्छ ठेवतो म्हणून लोक घेतात. वर्ष-दोन वर्षांत तो टाकीत मावेनासा होतो. उघड्या पाण्यात सुटला की काठाच्या मातीत हातभर खोल बिळं पाडतो, तिथे अंडी घालतो, काठ ढासळवतो, जाळी फाडतो. आणि कवचामुळे त्याच्या वाटेला कोणी जात नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाणीच्या तळ्यात जाळी टाकली. सकाळी उचलताना जाळं जड लागलं. तसलेच सात-आठ मासे गुंतले होते. ताई एकेक सोडवत होती आणि मी टबात टाकत होतो. शेवटचा तिने हातात घेतला आणि ती थांबलीच. तो पिवळा होता. लोण्यासारखा पिवळा, डोळे लाल आणि पाठीवरचा पर अर्धा तुटलेला.

तो मासा गल्लीतली पोरंसोरंही ओळखायची. दादाच्या दुकानाच्या दर्शनी टाकीत तो वर्षानुवर्षं होता, 'आजोबा' म्हणायचे त्याला. मध्यंतरी टाकी फुटली, त्या जखमेने तो मेला, असं दादाने सगळ्यांना सांगितलं होतं.

"ताई," मी म्हटलं, "सारखे दिसणारे असतात मासे."

"पर काचेने कापला तेव्हा मी तिथेच होते, मामा. औषध मीच लावलं होतं." तिचा आवाज अगदी सपाट होता.

काठावर आल्यावर तिने बूट धुतले. मग पुन्हा धुतले. जीप चालवत मी तिला थेट दुकानावर नेलं, कारण तिने तेवढंच सांगितलं, "घरी."

दादा नळी लावून एका टाकीतलं पाणी बदलत होता. मी दारात उभा राहिलो. ताईने पिवळ्या माशाची बादली खाली ठेवली आणि तिच्यावरचं ओलं पोतं उचललं. दादाने वाकून पाहिलं आणि, मी खोटं सांगत नाही, त्याचा चेहरा उजळला.

"अरे! आजोबा! केवढा झालाय!"

"किती सोडलेस?" ताईने विचारलं.

"कुठे काय सोडले..."

"दादा, किती?"

त्याने नळी बंद केली, हात पुसले. "लोक परत आणून देतात गं. वाढला, मावत नाही, घ्या म्हणतात. मी कुठे ठेवू? नाही घेतला तर ते मोरीत ओततात. माझ्यासमोर एका बाईने रस्त्यावर उपडी केली होती बरणी. जीव आहे ना तो? तळं रिकामंच पडलंय, म्हटलं जगतील बिचारे."

"रिकामं? तळं रिकामं असतं?"

"तुला माहीत असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"मारून टाक म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

जिन्यावरून आईचा आवाज आला, "काय झालं रे? भांडताय काय सकाळी सकाळी?" दादा हळू आवाजात म्हणाला, "आजोबाला ठेवून घेतो मी. बाकीचं तू बघ. घरातली गोष्ट आहे, कचेरीत कशाला?"

ताई बादली उचलून बाहेर आली. जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, "मामा, तुम्ही काही ऐकलं नाही असं म्हणालात तर मी तुम्हाला दोष देणार नाही." मी म्हटलं, "मला ऐकायला कमीच येतं." तिने मान हलवली, पण कचेरीत गेल्यावर साहेबांना तिने स्वतःच सगळं सांगितलं. भावाच्या नावासकट.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन मिनिटं टेबलावरची पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, "मासे सापडले एवढं लिहू. कोणी सोडले हे शोधायची सक्ती नाही आपल्यावर."

"मी शोधलंय, साहेब. आता न लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं."

झालं. आठवड्याभरात दुकानाचा परवाना गेला, शटरवर सील लागलं. टाक्यांतले मासे विभागाच्या गाडीत भरून नेले, तेव्हा आई वरच्या खिडकीत उभी होती आणि दादा फुटपाथवर, हात लोंबकळत सोडून. गाडीत मासे चढवणाऱ्यांत मीही होतो. दादा मला एवढंच म्हणाला, "ती लाल शेपटीवाल्यांची टाकी जपून, त्यांना धक्का सोसत नाही."

आता तळ्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. साहेबांचं म्हणणं, पाणी सावकाश उपसू, बिळं खणू, हाताने मासे काढू. ताईने ते हाणून पाडलं. उपसायला दोन महिने लागतील, तोवर पाऊस येईल, नाला वाहील आणि सगळे मासे मोठ्या तलावात उतरतील. तिला औषध टाकायचं होतं. एका झाडाच्या मुळांपासून केलेली पूड असते, ती पाण्यात मिसळली की माशांना पाण्यातून श्वास घेता येत नाही. माणसाला त्रास नाही, महिन्याभरात तिचा जोरही संपतो. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं त्यात आपले मासेही जाणार.

"आपले नंतर पुन्हा सोडता येतील," ताई म्हणाली. "हे एकदा तलावात गेले की कोणाच्या बापाला परत आणता येणार नाहीत."

साहेब म्हणाले, आधी प्रयोग करा. आम्ही कचेरीमागे दोन पिंपं भरली, त्यांत पकडलेले कवचाचे मासे सोडले, औषध टाकलं. हे मासे उसळी मारून बाहेर पडतात म्हणून ताईने पिंपात पाण्याच्या चार बोटं खाली जाळी ताणून बांधली. सकाळी सगळे मेलेले. साहेबांनी सही केली.

ज्या सकाळी औषध टाकलं, त्या सकाळी ते म्हातारे काठावर आले होते. गळ न आणता, नुसतेच. आम्ही नावेतून फिरत पंपाने पांढरट पाणी सोडत गेलो. तासाभरात पहिले मासे वर आले. लहान चंदेरी, ते आधी. तोंडं उघडी, बाजूवर पडून गोल गोल फिरत. मग मोठे. दुपारपर्यंत पाणी दिसेना, नुसती पोटं. मी उभी हयात पाण्यावर काढली आहे, पण त्या दिवशी वल्हं पाण्यात घालताना जसं मऊ मऊ लागत होतं, तसं कधी लागलं नव्हतं. ताई जाळीच्या झोळीने उपसत होती. थांबत नव्हती, पाणी पीत नव्हती.

मास्तर काठावरून ओरडले, "ताई, तुमचे ते काळे किती निघाले?"

ती उपसतच राहिली. काळे थोडे निघाले होते. बरेच थोडे.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला!" मास्तर म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. नंतर ते तळ्यावर कधी आले नाहीत.

ताईला वाटलं, बाकीचे बिळांत मरून पडले असतील. आम्ही दोन आठवडे मेलेले मासे खड्ड्यात पुरून वर चुना टाकत होतो. माझ्या अंगाचा तो वास घरच्यांनी किती दिवस सोसला. मग एका सकाळी आम्ही पाण्याचे नमुने घ्यायला नावेत होतो. तळं काचेसारखं शांत, मेलेलं. एक डास नाही. आणि नावेपासून वल्हंभर अंतरावर पाण्यावर एक वाटीसारखं तोंड आलं, हवेचा घोट घेतला आणि खाली गेलं. मग पलीकडे दुसरं. मग तिसरं.

ताई खालीच बसली, नावेच्या फळीवर. म्हणाली, "जाळी मी बांधली होती."

मला पटकन कळलं नाही.

"पिंपात. पाण्याच्या खाली. त्यांना वर येऊ दिलं नाही मी. पाण्यातून श्वास बंद झाला की हा मासा वर येऊन हवा घेतो. दुकानात पाणी घाण झालं की घ्यायचाच की. लहानपणापासून बघत आलेय मी." तिने ओंजळीने तोंडावर पाणी मारलं, त्याच पाण्याने. "बाकी सगळ्यांना मारलं आपण. ह्यांना तळं मोकळं करून दिलं."

पुन्हा औषध टाकायला वरून परवानगी आली नाही. उपसायला वेळ उरला नव्हता. आम्ही नाल्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवली. पाऊस आला, जाळीत पालापाचोळा आणि प्लास्टिक अडकलं, पाणी तुंबलं आणि जाळीवरून वाहून गेलं. आम्ही दोघं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून कचरा ओढत होतो आणि आमच्या पायांना घासून मासे जात होते. कवच खरखरीत असतं. बुटांवरूनही कळतं.

त्याच सुमारास मुख्य कचेरीने एक भित्तिपत्रक काढलं. ताईचा नावेतला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'तिने सख्ख्या भावालाही सोडलं नाही. तुम्ही मासे सोडू नका!' कोणाची तरी अक्कल चालली होती. बसथांब्यावर, शाळेच्या भिंतीवर, अगदी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी ते लागलं. कचेरीतलं तिने फाडलं. बाकीची पावसाने जाईपर्यंत तशीच राहिली.

दादाने दुसऱ्या शहरात काम बघितलं. निघायच्या दिवशी ताईने मला बोलावलं होतं, सामान उतरवायला. आई पायरीवर पिशवी घेऊन बसली होती.

"आई, तू कशाला जातेस?" ताई म्हणाली. "त्याचं बस्तान बसू दे. मग जा. मी आहे ना इथे."

"तू आहेस, ते गावभर भिंतीवर लावलंय," आई म्हणाली. "तू आलीस तेव्हा त्याने तुझी लाज झाकली. तुला त्याची झाकता आली नाही?"

"लाजेचा प्रश्न नव्हता आई. तलाव..."

"तलावाला आई म्हण आता."

टेम्पो गेला. दादा पुढे बसला होता. त्याने हात हलवला, बहिणीला की मला, ते कळलं नाही.

पुढच्या वर्षी मोठ्या तलावातल्या मासेमारांची जाळी फाटू लागली. एका ओढीत टोपलीभर काळे आणि मूठभर खाण्यासारखे. सकाळी धक्क्यावर गेलं की ते त्या माशाला नाव घेऊन शिव्या घालायचे आणि नाव ठेवलं होतं 'दादा'. "आज वीस दादा लागले, ताई, घेऊन जा तुमचे." ती निमूट टोपली उचलायची. दोघा-तिघांनी धंदा सोडला. एकाने जाळं आमच्या कचेरीच्या फाटकाला टांगून ठेवलं, ते बरेच दिवस तिथेच होतं. साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांनी फाइलीवरचा शब्द बदलला. आधी 'नायनाट' होता, आता 'नियंत्रण' झाला.

चारेक वर्षांनी आई आजारी असल्याचा निरोप आला. दादाने नव्हता दिला, त्याच्या शेजारणीने दिला. मी जीप काढली. तिसऱ्या मजल्यावर एकच खोली, एक खाट, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. मासा औषधालाही नव्हता. दादा हॉटेलांमधल्या टाक्या धुवायचं काम करत होता. दुसऱ्यांच्या. हाताची कातडी पाण्याने पांढरी पडली होती, केसही.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताईने पेला ओठांना लावला, तेव्हा ती पाणी प्यायली. पण बघितलं नाही आणि बोलली नाही. ताईने तिचे पाय चेपले. पाय काढून घेतले नाहीत, एवढंच.

निघताना जिन्यात दादाने विचारलं, "एक सांगशील? औषध टाकलंत तेव्हा... फार तडफडले का गं? आजोबाची आणि त्या बाकीच्यांची रोज आठवण येते मला."

आजोबा पहिल्याच दिवशी कचेरीत मारला होता, नमुना म्हणून. बाटलीत होता. ते ताईने सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुझे मेले नाहीत, दादा. बाकीचे मेले. तुझे तलावात आहेत, हजारोंनी."

तो बघतच राहिला. मला वाटलं, सुटल्यासारखा हसेल. तो कठड्याला धरून पायरीवर बसला.

"म्हणजे दुकान गेलं, आई गेली तुझ्यापासून... आणि मासे आहेतच?"

"हो."

"मग कशासाठी केलंस गं?"

खालच्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ लावला. ताई त्याच्या बाजूने अंग चोरून उतरली. परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली, पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा. "चहा घ्या मामा तुम्ही. मला नको."

आई त्याच हिवाळ्यात गेली. ताईला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं. ती दोन दिवस रजेवर होती, तिसऱ्या दिवशी कामावर आली. मी म्हटलं, "बदली माग ताई, दुसरं काही बघ. तुला काय पडलंय आता?" ती म्हणाली, "मी गेले तर बिळात हात कोण घालणार? नवीन पोरी हातमोजे घालून फोटो काढतात नुसते."

हिवाळ्यात पाणी उतरतं आणि तलावाचा काठ उघडा पडतो. चाळणीसारखा झालाय तो आता. आम्ही रोज थोडा थोडा भाग घेतो. मी नाव लावतो, ती काठाला छाती टेकवून, खांद्यापर्यंत हात आत घालून, चाचपून मासा ओढते, कधी अंड्यांचा पिवळा लगदा. पलीकडे नवीन बिळं पडलेली दिसत असतात. परवा तिचं मनगट कवचाने सोलून निघालं, रक्त पाण्यात पसरलं. मी म्हटलं, थांबू या थोडं.

"नाव नीट धरा मामा," ती म्हणाली. "हलतेय."